न ठोकलेला खांब

कॉलेजच्या जुन्या बंगल्यात शिरताना आमचे शिपाई गणूमामा आजही व्हरांड्यातल्या खांबावर बोटाच्या पेराने टकटक करतात. पूर्वी सागाचा खणखणीत आवाज यायचा. आता खांब सिमेंटचे आहेत, वर लाकडाचा रंग दिलेला.

एकेका खोडातून एकेक खांब कसा काढला, खिळ्याविना कसा बसवला, हे मी वीस वर्षं वर्गात सांगत आलो. म्हणूनच खांबांना वाळवी लागल्याच्या अहवालावर प्राचार्यांना माझी सही हवी होती. "सर, आतून ठणठणीत आहेत, ठोकून तर बघा," मामा म्हणाले होते. "दुरुस्त करून हेच परत बसवू," प्राचार्य म्हणाले. विभागप्रमुखपद समोर दिसत होतं. मी सही केली.

खांब परत आले नाहीत. मला फसवलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. पण लाकूड कधी खोटं बोलत नाही. त्याला विचारावं तेवढं लागतं.

"मामा, सिमेंटला कशाला ठोकता?" आज मी विचारलं.

"सवय हो, सर." मग म्हणाले, "तुमची सही बघितली आणि आम्ही गप्प बसलो. म्हटलं, सरांनी ठोकून बघितलं असणार."