चौकात उभी राहिलेली मोटार

कामाला लागण्याआधी तो मोटारीच्या बॉनेटवर उजवा तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि विचारायचा, "काय दुखते तुले?" मोटारीकडून उत्तर येत असावं, कारण त्यानंतर तो सात-आठ पान्यांतला नेमका एकच उचलायचा.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आठवड्याचे सहा दिवस तो कचेरीत असून नसल्यासारखा असतो आणि सातव्या दिवशी आपल्याच अंगणात राजासारखा बसलेला दिसतो. अमरावतीला बांधकाम खात्याच्या कचेरीत तो ट्रेसर होता आणि मी आवक-जावक कारकून. राजापेठेच्या मागच्या अंगाला आमची भाड्याची घरं लागून होती. इंजिनिअरांनी आखलेले रस्ते आणि पूल निळसर ट्रेसिंग कापडावर शाईनं गिरवायचे, हे त्याचं काम. जिल्ह्यातला जवळजवळ प्रत्येक रस्ता त्याच्या हाताखालून गेला होता, पायाखालून मात्र फार थोडे गेले होते.

मोटार त्यानं एका निवृत्त होणाऱ्या साहेबाकडून उचलली. ती चिंचेखाली चारही चाकांतली हवा जाऊन पडली होती आणि भंगारात जायच्या बेतात होती. बैलजोडी जुंपून त्यानं ती घरी आणली तेव्हा मुलंच काय, आम्ही मोठी माणसंही मिरवणूक पाहावी तसे मागे चालत होतो. मैलांचे आकडे नव्याण्णव हजारांपुढे जाऊन एकदा शून्यावर आले होते, पुन्हा चालू लागले होते आणि चाळीस हजारांच्या आसपास कुठेतरी कायमचे अडकले होते. कचेरीत सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं, आणि त्यात सगळ्यात मोठ्यानं हसलो होतो तो मी.

पण रविवारी दुपारी माझी पावलं त्याच्याच अंगणाकडे वळायची. कडुनिंबाखाली एक बाज टाकलेली असे. तिच्यावर मी आडवा व्हायचो आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनी त्याचं काम पाहत राहायचो. कचेरीतून टाकून दिलेलं ट्रेसिंग कापड तो जमिनीवर अंथरायचा. उघडायच्या भागाचं चित्र त्यावर आधी शाईनं काढायचा आणि मग निघालेला प्रत्येक बोल्ट चित्रात जिथला असेल तिथेच नेऊन ठेवायचा. तास-दोन तासांनी पाहावं तर मोटारीचं काळीज अंगणात मांडून ठेवलेलं असायचं. रॉकेलचा वास, कडुनिंबाच्या हलत्या सावल्या, लोखंडावर लोखंड ठेवल्याचा बारीक आवाज. मला झोप लागायची, जाग यायची, आणि मधल्या वेळात तो काय बोलला आणि मी स्वप्नात काय ऐकलं, याचा हिशेब मला आजही लागत नाही.

तो रस्त्यांबद्दल बोलायचा. दोन्ही तळहातांत काठी धरून, ताक घुसळावं तसा व्हॉल्व्ह घासत घासत सांगायचा, "दर्यापूरच्या रोडवर एक वळण हाय, भाऊ. गिरवता गिरवता हात हळू होते. इतकं गोड वळण हाय ते." किंवा, "शेंदूरजनाघाटले संत्र्याचा बहार आला का गाडीची काच खाली करून जा लागते म्हनते."

"गेले होते का तुमी?" मी बाजेवरूनच विचारायचो.

"नाई जी. पन जाऊन राहिलो ना आता," तो म्हणायचा, आणि काठी फिरतच राहायची.

इलाज त्याचे घरगुती असायचे. रेडिएटर गळू लागला की त्यात मूठभर हळद टाकायचा. हळदीनं बारीक भोकं बुजतात हे खरं, पण मग इंजिन तापलं की सगळ्या आळीला वरणाचा वास यायचा आणि शेजारणी विचारायच्या, आज एवढ्या लवकर स्वयंपाक? तेलाच्या झाकणाखालचं पॅकिंग त्यानं मी आणून दिलेल्या फायलीच्या पुठ्ठ्यातून कापलं होतं. त्या पुठ्ठ्यावर 'तातडीचे' असा शिक्का होता. मोटारीनं तो कधी मनावर घेतला नाही.

ती चालायची, पण कधी अर्धा मैल, कधी दोन मैल. बडनेऱ्यापर्यंत गेली की आम्ही पेढे मागायचो. मी एकदा वैतागून म्हटलं, "भाऊ, चालते ना आता बरीच. मंग काहून दर रविवारी तिले उघडता?"

त्यानं हातातला बोल्ट चित्रावर ठेवला. "एक डाव मायले घेऊन गावातून जा लागते," तो म्हणाला. "वेशीतून, चौकातून, पार तिकडच्या टोकापर्यंत. मायच्या पायात वहाना राह्यल्या पाह्यजे. आन् मधात बंद नाई पडली पाह्यजे. बंद पडली तं मायले उतरा लागन. लोक हासतीन."

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याचं गाव आणि माझं गाव एकच. तिवस्याच्या अलीकडे फाटा फुटतो, त्या फाट्यावरचं. आमचं घर चौकात, काळ्या जमिनीतल्या कापसावर उभं राहिलेलं. त्याचं घर गावाच्या पलीकडे, नाल्याकाठच्या वस्तीत. एका गावात वाढून आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो. आमची ओळख झाली ती अमरावतीला, कचेरीच्या पाण्याच्या माठापाशी. त्याच्या वस्तीतल्या माणसांना चौकातून जायचं तर वहाणा हातात घ्याव्या लागत. त्याच्या आईला तसं जाताना मी आमच्या ओट्यावर बसून शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि मला त्यात पाहण्यासारखं काही वाटलं नव्हतं. ते लोक बौद्ध झाले त्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. वस्तीतले तरुण आता वहाणा घालून चौकातून जात. म्हाताऱ्या माणसांचे हात मात्र आपसूक पायांकडे जात.

त्या हिवाळ्यात त्याची माय गुडघ्यांच्या औषधासाठी अमरावतीला येऊन राहिली होती. ती कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून बसायची आणि लेकाकडे पाहून मला म्हणायची, "हे पोट्टं लोखंडाले काय इचारते, बापा?" तिला धाप लागायची. डॉक्टरांनी गुडघ्यांचं काही सांगितलं नाही, छातीचं मात्र वेगळं बोलावून त्याला सांगितलं. त्यानंतर तो रोज कचेरीतून आला की मोटारीखाली शिरू लागला. त्याचे रविवार संपले होते.

आज दोघंही नाहीत. माय त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी गेली. पुढे त्याची अकोल्याला बदली झाली, आणि तिथेच तो, निवृत्त होण्याच्या कितीतरी आधी, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेला. मला कळलं तेव्हा दहा दिवस उलटून गेले होते. अकोल्याला मी गेलो, त्याच्या बायकोशी बोललो, चहा घेतला आणि परत आलो. मोटारीचं काय झालं हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मला त्याची फार आठवण येते, हे सरळच सांगून टाकतो.

त्या हिवाळ्यात मायला गावी परत न्यायचा दिवस ठरला तेव्हा तो म्हणाला, "तुमी बी चाला, भाऊ. तुमचं बी गाव हाय." मी लगेच हो म्हटलं. अमरावतीत बसून हो म्हणायला काय जातं?

सकाळचं कोवळं ऊन होतं. माय पुढे त्याच्या शेजारी बसली, पायात लेकानं आणलेल्या नव्या कोऱ्या वहाणा. मी मागे, पाण्याच्या दोन डब्यांना मिठी मारून. नागपूरच्या रस्त्याला लागलो आणि मोटार अशी चालू लागली की मला क्षणभर वाटलं, मी बाजेवरच आहे आणि त्याचं बोलणं ऐकता ऐकता डोळा लागला आहे. दोन्ही बाजूंना तुरी फुलल्या होत्या. कापूस वेचणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. माय खिडकीतून बोट दाखवत जुन्या मजुरीची शेतं सांगत होती, पण इंजिनच्या आवाजात तिची वाक्यं अर्धीच ऐकू यायची. तो नुसता हसत होता. रस्ता त्याच्या हाताखालून नव्हे, खरोखर पायाखालून जात होता.

फाट्यावर त्यानं रेडिएटरमध्ये पाणी भरायला मोटार थांबवली. मी म्हटलं, "डबे कायले रिकामे करता? चौकात विहीर हाय."

"आपलं पानी आपल्यापाशी बरं, भाऊ," तो म्हणाला आणि दोन्ही डबे ओतले.

वेस आली. मोटार आत शिरली आणि चौक दिसू लागला. आमच्या ओट्यावर माझे काका बसले होते. त्याच वेळी मायनं वाकून पायांतल्या वहाणा काढल्या, एकावर एक ठेवून हातात धरल्या, आणि डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला. हे मला अर्धंच दिसलं, कारण मीही खाली वाकलो होतो. माझी पेन्सिल शोधत होतो. पेन्सिल माझ्या खिशातच होती.

मोटार थांबली. चौकाच्या मधोमध. त्यानं इंजिन बंद केलं, आणि एवढी शांतता झाली की विहिरीवरच्या कबुतरांचा आवाज ऐकू आला.

"माय, पायात घाल."

"गाव हाय, बापा," ती हळूच म्हणाली.

"म्हून तं सांगून राहिलो. पायात घाल."

मग त्यानं मागे मान वळवली. आवाजात राग नव्हता. "आन् तुमी बी वर या, भाऊ. खाली काही पडलं नाई."

मी वर आलो. कान तापले होते. आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ सुनावलं, साहेबांनी, सासऱ्यांनी, पण एवढ्या हळू कुणी सुनावलं नाही आणि एवढं खोल काही गेलं नाही. माय वाकली. नव्या वहाणेच्या पट्ट्यात अंगठा शिरेना. त्यानं मदत केली नाही, नुसता वाट पाहत बसला. दोन्ही वहाणा पायात गेल्यावर तो मोटार सुरू करायचं हँडल घेऊन खाली उतरला.

तापलेली असताना ही मोटार अर्धा-अर्धा तास सुरू होत नसे, हे मला माहीत होतं. चार वर्षं ज्याला तो भीत आला होता तेच त्यानं आपल्या हातानं केलं होतं. काका ओट्यावरून उठून उभे राहिले. पोरंसोरं गोळा झाली. त्यानं हँडल घातलं, एक फेरा दिला, आणि मोटार सुरू झाली. पहिल्याच फेऱ्यात. तशी ती ना आधी कधी सुरू झाली होती, ना नंतर.

तो हँडल हातात धरून ऐकत उभा राहिला. काचेतून आत मायकडे पाहिलं. मग दार उघडून हात आत घातला आणि इंजिन पुन्हा बंद केलं.

मला काही कळेना. त्यानं बॉनेट उघडलं. चौकातल्या धुळीत ट्रेसिंग कापड अंथरलं. रविवारी अंगणात बसायचा तसाच मांडी घालून बसला, आणि चांगल्या चालत्या इंजिनचा एक प्लग काढून पुसू लागला.

काका खाली उतरून माझ्यापाशी आले. "बंद पडली काय? कोनाची हाय गाडी?"

"माह्या दोस्ताची," मी म्हटलं. हा शब्द मी त्याच्याबद्दल तोवर कधी वापरला नव्हता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, पुढच्या सीटवर बसलेल्या मायकडे पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं. काका काही चांगलं बोलले असं सांगता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते परत गेले आणि ओट्यावर बसले.

डोक्यावर घागर घेतलेली एक बाई थबकली. "काय व बुढे, कवा आली?" मायनं काच खाली करून घेतली आणि अमरावतीचं सांगू लागली. दवाखाना, गुडघे, नळाचं पाणी. आणखी एक बाई थांबली. सांगता सांगता माय सीटला टेकली. पदर डोक्यावरून खांद्यावर आला, तो तिनं सावरला नाही. मग एक पाय दुसऱ्यावर टाकला. वरची वहाण उन्हात चमकत होती आणि ती तो पाय हळूहळू हलवत होती.

अर्धा तास झाला असेल. चौथ्यांदा तोच प्लग पुसून त्यानं जागेवर बसवला. "झालं ना? मंग चाला," मी म्हटलं. तो उठला, हात पुसत खिडकीपाशी गेला.

"माय, निघू का?"

मायनं ओट्यांकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, वेशीकडे पाहिलं.

"बसू दे न जराक," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला, आणि नुकताच घट्ट केलेला प्लग पुन्हा सैल करायला बसला.