इन्क्युबेटरमधलं दही

चंदीगडच्या थंडीत घरी दही नीट लागत नसे. सेक्टर ३९मधल्या लॅबमध्ये जिवाणू वाढवायचं उबदार कपाट होतं, इन्क्युबेटर. बायकोने विरजलेल्या दुधाचा डबा मी सकाळी त्याच्या वरच्या कप्प्यात ठेवायचो, संध्याकाळी घट्ट दही घरी न्यायचो. हे नियमात बसत नाही, हे मला ठाऊक होतं.

खालच्या कप्प्यात माझ्या सरदार सहकाऱ्याच्या काचेच्या नळ्या असत. डेराबस्सीपलीकडच्या त्याच्या गावातल्या मधमाश्यांच्या आतड्यांत लॅक्टिक आम्ल बनवणारे कोणते जिवाणू राहतात, यावर त्याची पीएचडी होती. दिसायला ते सगळे सारखेच. म्हणून त्यांचा डीएनए तापवून दोन धागे सुटे करायचे आणि ओळखीच्या जातींच्या धाग्यांशी ते किती जुळतात, हे पाहायचं. दहशतवादाचे दिवस होते. गावाहून येताना नाक्यावर पोलीस बसमधून त्यालाच उतरवत, नळ्यांचे कापसाचे बोळे काढून हुंगत.

एकदा माझा डबा कलंडला. दह्याचं पाणी त्याच्या बोळ्यांवर ठिबकलं. मी पुसून घेतलं आणि गप्प बसलो.

त्याच्या सगळ्या नळ्या दह्यातल्या नेहमीच्या जिवाणूशी जुळल्या.

"क्यों सरदारजी, मक्खियों को लस्सी पिलाते हो?" आमच्या लॅबच्या सरांनी विचारलं. सगळे हसले.

"सर, नाके पे खोलते हैं ना. पुलिसवालों के हाथ..." हे मी म्हणालो. सगळ्यांना लगेच पटलं, त्यालाही. सरांनी त्याला नमुने पुन्हा आणायला सांगितले.

रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला. बायकोने दही वाढलं. "लीजिए भाईसाब, आप ही की लैब में जमता है. यहाँ ठंड में कहाँ!"

त्याचा चमचा थांबला. माझ्याकडे न बघता त्याने वाटी संपवली. निघताना म्हणाला, "भाभीजी, थोडा जामन मिलेगा?"

बायकोने कौतुकाने विरजण बांधून दिलं. ते कशाला हवंय, हे मला कळलं होतं.

पुढच्या आठवड्यात त्याने माझ्या टेबलावर एक्स-रे फिल्म ठेवली; धागे जितके जुळतील तितका तिच्यावरचा ठिपका काळा उठतो. आमच्या दह्याचा ठिपका आणि त्याच्या नळ्यांचे ठिपके, सारखेच काळे.

"पक्का मैच है, यार," तो हळूच म्हणाला. सरांना त्याने सांगितलं नाही. मीही नाही. "कल गाँव जा रहा हूँ," तो म्हणाला.

मीही येतो, असं म्हणायला हवं होतं. मला त्या रस्त्याची भीती वाटत होती. "संभल के," एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको दारातून ओरडली, "अहो, डबा राहिला!"

"इन्क्युबेटर बिघडलाय," मी म्हणालो.