रघुनाथभाऊंचं बोलतं मशीन

लाइट लागली. आम्ही चौघं टेबलावर वाकलो. लाइट विझली.

“बघा काका,” प्रज्ञा म्हणाली. “सुबह से हेच चाललंय.”

टेबलावर होता हातात मावेल एवढा एक कॉम्प्युटर. हा तयार मिळत नाही, त्याचा किट येतो. किट म्हणजे सुटे भाग. एक बोर्ड, छोटी स्क्रीन, खऱ्या कळांचा कीबोर्ड, बॅटरी, दणदणीत आवाजाचा स्पीकर आणि प्लास्टिकचं कव्हर. आपणच जोडायचा, आपणच चालू करायचा, आणि नाही चालला तर आपणच कपाळाला हात लावायचा. हा प्रज्ञाने जोडला होता. पॉलिटेक्निकला शिकणारी पोरगी. तिच्या एका बाजूला तिचे वडील रघुनाथभाऊ उभे, आणि माझ्या दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर तिची आई, सुमनवहिनी.

रघुनाथभाऊंना बुऱ्हाणपूरच्या केळी मंडीत ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. लिलावाची बोली तेच पुकारायचे. आवाज असा, की गेटावरच्या ट्रकवाल्यालाही भाव कळावा. मग गळ्याचं दुखणं निघालं, इंदूरला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून गळ्याला गमछा गुंडाळून माणूस घरात बसून होता.

पण पोरगी हुशार! ऑपरेशनला नेण्याआधी तिने बापाला समोर बसवलं आणि सगळे आकडे, सगळ्या हाका, मंडीतली नेहमीची बोलणी त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवली. आता कळ दाबली की रघुनाथभाऊंचाच आवाज निघणार, अशी तिची योजना.

मी आपला शहाणपणा केला. “अगं, मग हे फोनवर नसतं का झालं?”

“केळीचा चीक लागलेलं बोट टचस्क्रीनला समजत नाही, काका. अन् मंडीच्या कल्ल्यात फोनचा आवाज कौन सुनेगा?”

सगळा विचार करून ठेवलेला होता तिने.

घाई होती ती अशी. मंडीवाल्यांनी भाऊंना दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं होतं. एकदा मशीनवर पुकारून दाखवा, जमलं तर तुमची जागा तुम्हाला, नाही तर दुसरा माणूस तयार आहे. माणसं वाईट नव्हती, पण लिलाव कुणासाठी थांबतो?

रिपेअरिंगच्या धंद्यात माझे केस पांढरे झाले. राजपुरा मोहल्ल्यातल्या ह्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचं पहिलं वाक्य मला पाठ आहे. “भैया, मैंने कुछ नहीं किया, अपने आप बंद हो गया.” टीव्हीतून पाणी निथळत असतं, तरी कुछ नहीं किया. डोकं फिरतं! पण प्रज्ञाला विचारलं तर तिने न अडखळता सगळं सांगितलं. बॅटरीची वायर आधी उलटी लावायला निघाले होते, वेळेवर लक्षात आलं. स्क्रीनची पट्टी एकदा तिरकी बसली, काढून परत बसवली. एक स्क्रू हरवला, जुन्या रेडिओचा लावला. स्वतःच्या चुका अशा सरळ सांगणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघत होतो.

कव्हर उघडलं आणि आणखी खूश झालो. सोल्डर म्हणजे धातू वितळवून वायरीला मारलेला टाका. तिचे टाके बारीक, चकचकीत, कुठे थेंब सांडलेला नाही. मी मनात म्हटलं, वा गं पोरी.

पण सुंदर टाक्यांनी मशीन चालू होत नाही. एकेक तपासायला घेतलं. बॅटरी मीटरवर बघितली, भरलेली. मग बॅटरी काढून माझा बेंच सप्लाय लावला. हा एक डबा असतो, तो वीज देतो आणि समोरचं मशीन किती वीज खातंय तेही दाखवतो. कुठे दोन वायरी चिकटल्या असत्या तर काटा पहिल्याच क्षणी उडाला असता. तसं झालं नाही. काटा हळूहळू चढला, म्हणजे बोर्ड जागा होत होता. एक घोट चहा गिळावा एवढा वेळ गेला, आणि काटा थेट खाली.

मेमरी कार्ड बदललं. तेच. स्क्रीन काढली, कीबोर्ड काढला, नुसता बोर्ड ठेवला. तेच. बटण दाबून बघितलं तर गुळगुळीत, टिकटिक काही नाही. स्वस्तातल्या बटणांचं असंच असतं, म्हणून सोडून दिलं.

शेवटी मीटर खाली ठेवला. “प्रज्ञा, बोर्डच खराब आलाय असं दिसतं. परत पाठवावा लागेल.”

“उद्या सकाळ आहे, काका.”

“माहीत आहे गं. पण मी काय जादूगार आहे?”

रघुनाथभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, असू द्या अशी मान हलवली आणि पायात चपला सरकवायला लागले. मला फार वाईट वाटलं.

प्रज्ञा मात्र हलली नाही. ती बोर्डाकडे बघत होती. “काका, दर वेळी तेवढ्याच वेळात बंद होतं. मी सकाळपासून बघतेय. जी चीज खराब आहे, ती इतकी टाइमाची पक्की कशी?”

अरे! बरोबर तर होतं. बिघाड कधी लवकर येतो, कधी उशिरा. वेळेवर फक्त हुकूम पाळला जातो. आणि बंद होण्याचा हुकूम कसा देतात? आपण फोन बंद करताना देतो तसाच. बटण दाबून धरायचं. मशीनला वाटत होतं, कुणीतरी बटण दाबून धरलंय.

मी भिंग घेतलं. बटण बोर्डाच्या कडेला, कव्हराबाहेर डोकावणारं, त्याला छोटी टोपी आणि भोवती चौकट. टोपी आणि चौकटीच्या फटीत काहीतरी लाल घट्ट रुतून बसलं होतं. चिमट्याने हळूच ओढलं.

तांदळाचा तुकडा. कुंकवात भिजलेला.

मी कव्हर उलटं केलं. मागे ओल्या कुंकवाचं सुरेख स्वस्तिक होतं. ते मला आल्याबरोबर दिसलं होतं की! पण आपल्याकडे फ्रिज, ट्रॅक्टर, मोटरसायकल, काहीही घरात आलं की आधी पाटावर बसतं, मग कामाला लागतं. त्या स्वस्तिकात बघण्यासारखं काय आहे, असं मलाही वाटलं. सकाळी मशीनची पूजा झाली, अक्षता पडल्या, एक नेमकी बटणावर पडली, आणि प्रज्ञाने मोठ्या उत्साहात बटण दाबून ती आत ठोकून बसवली. एवढंच झालं होतं.

प्रज्ञाने चिमट्याकडे बघितलं, मग आईकडे. आणि घाईघाईने म्हणाली, “स्विच ढिला होता ना, काका? किटवाल्यांचीच गलती.”

सगळ्या चुका कबूल करणारी पोरगी खोटं बोलली. मीही मान डोलावणार होतो.

“प्रज्ञा, खोटं नको बोलू,” सुमनवहिनी स्टुलावरून म्हणाल्या. “तो माझ्या हातचा तांदूळ आहे.” आणि तोंडाला पदर लावला. “वो माय! देवाला म्हटलं यांना आवाज दे, अन् मीच त्या आवाजाचा गळा दाबला.”

तेवढ्यात रघुनाथभाऊ पुढे आले. माझ्या चिमट्यातला तो तुकडा दोन बोटांत घेतला, स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि बायकोसमोर नवरदेवासारखे हात जोडून उभे राहिले. प्रज्ञा आधी हसली, मग मी, मग रडता रडता वहिनीसुद्धा.

मशीन परत जोडलं. बटण आता टिक वाजलं. लाइट लागली आणि लागलेली राहिली. स्क्रीन उजळली. प्रज्ञाने ते बापाच्या हातात दिलं. भाऊंनी एकेक कळ बघितली आणि अगदी कडेची दाबली.

“अगं ए, चहा टाक!”

तोच खणखणीत आवाज. माझ्या दुकानात.

सुमनवहिनी स्टुलावरून उठल्याच! दोन पावलं गेल्या, मग लक्षात आलं की इथे ना चूल, ना पातेलं. तिथेच उभ्या राहिल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या.

“आकडे रेकॉर्ड करताना बाबा मधेच ओरडले होते,” प्रज्ञा पुटपुटली. “मी काढून टाकणार होते. नाही काढलं.”

दुसऱ्या दिवशी मी काम नसताना मंडीत गेलो. भाऊ ओट्यावर उभे होते. सुरुवातीला बोटं अडखळली, दोन बोल्या चुकल्या, कुणीतरी हसलं. मग हात बसला. एका व्यापाऱ्याने भाव फारच खाली सांगितला, तर मशीनमधून जोरात आलं, “काय भो, झोपेत आहेस का?” सगळी मंडी हसली. त्यांची जागा त्यांना मिळाली.

मी मात्र माझी विचारपूस बदलली. “काय केलं होतं?” असं आता कुणाला विचारत नाही. लोक खोटारडे नसतात हो. देवासाठी, घरच्यांसाठी मायेने जे करतात, ते त्यांच्या हिशेबी ‘केलं’ यात येतच नाही. म्हणून मी विचारतो, “चालू करायच्या आधी घरात काय काय झालं?” ऐकण्यात वेळ फार जातो. पण मशीन लवकर सुधारतं.