आधी सॉरी म्हणायचं
आत्याने आयुष्यात जितक्या वेळा ‘सॉरी’ म्हटलं, तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर देवानेच कानांवर हात ठेवले असते. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीत बसायची. कुणा साहेबाने तिथे नियमच घालून दिला होता: माणूस समोर आला की आधी सॉरी म्हणायचं, मग तक्रार ऐकायची, शेवटी ‘पुढच्या खिडकीत चौकशी करा’ म्हणून वाटेला लावायचं. पुढची खिडकी बहुधा बंदच असे. नळाला गढूळ पाणी कुणामुळे का येईना, शिव्या आत्याच्या वाट्याला.

ही खोड तिच्याबरोबर घरीही आली. दूध उतू गेलं, सॉरी. बाबांनी स्वतःचा चष्मा स्वतःच हरवला, तरी हीच म्हणणार सॉरी. बाबा तिचे थोरले भाऊ. समोरचा विचारायच्या आधीच चूक कबूल करतोय म्हटल्यावर त्यांना काय, आयतंच फावलं. आपलंही कधी चुकू शकतं, हे ते साफ विसरून गेले.

आत्याचं लग्न झालं नाही. एकच स्थळ तिला मनापासून आवडलं होतं. कपड्याचं छोटं दुकान असलेला, हसऱ्या तोंडाचा माणूस. ‘त्यांचा नकार आला,’ असं बाबांनी सांगितलं. मग अंथरुणाला खिळलेल्या आजीचं करता करता आत्याचं तारुण्य सरलं. आजी गेली, आत्याचे केस पिकले, आणि एक दिवस तोच माणूस खिडकीशी येऊन उभा राहिला. सवयीने ती म्हणाली, ‘सॉरी.’

तो गडबडला. ‘अहो, तुम्ही कशाला? आजाराला काय कुणाचा इलाज असतो? अजून येतात का फिट्स?’

तिला उभ्या जन्मात फिट आली नव्हती.

संध्याकाळी तिने बाबांना विचारलं. पेपरातून मान वर न काढता ते म्हणाले, ‘मग काय करायचं होतं? तू गेली असतीस तर आईला कुणी बघितलं असतं?’ सख्ख्या बहिणीला खोटं आजारपण चिकटवायचं आणि वर तोंड करून हे बोलायचं! मी तिथेच होते. माझं रक्त उकळलं. आत्या मात्र शांतपणे म्हणाली, ‘दादा, मला काही नको. माझं चुकलं, एवढं म्हण.’ बाबांनी पान उलटलं. त्याच महिन्यात ती भाड्याची खोली घेऊन वेगळी राहू लागली.

मी तिच्याकडे जायचे. एकदा मी कौतुकाने तिला सांगितलं की सॉरी हा इंग्रजीतला फार जुना शब्द, ‘दुखणं’ या अर्थाच्या शब्दाच्या घराण्यातला. पूर्वी तो म्हणणाऱ्याला आतून खुपायचं. मग झिजत झिजत तो नुसता धक्का लागल्यावर म्हणायचा झाला, ऐकू आलं नाही की म्हणायचा झाला, द्यायचं नसलं की म्हणायचा झाला. आणि आपण तर ‘माझं चुकलं’ म्हणताना जीभ रेटत नाही म्हणूनच तो वापरतो.

‘म्हणजे म्हणणाऱ्याला दुखायला हवं होय?’ आत्या कडवट हसली. ‘मग मी जन्मभर नुसते शिक्के मारले गं.’

पुढे बाबा न्हाणीघरात पडले आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. माझी आई कधीच गेली होती. माझी दुसऱ्या गावी बदली झाली होती, बढतीवर, खूप वाट पाहून. बाबांनी आत्याला बोलावणं पाठवलं. ती आली, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. तिच्या डोळ्यांत अजून आशा होती, हे बघून मलाच कसंतरी झालं.

‘आता इथेच ये राहायला,’ बाबा म्हणाले. ‘मागचं काय ते... बरं बाई, सॉरी. झालं?’ आणि लगेच मला, ‘मागची खोली झाडून घे गं.’

आत्याचा चेहरा एकदम कचेरीतला झाला.

‘पुढच्या खिडकीत चौकशी करा,’ ती म्हणाली आणि चपला घालून निघून गेली.

बाबांनी दाराकडे बघितलं. मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. घरात दुसरं होतंच कोण?

‘बाळा,’ ते म्हणाले. इतक्या मायेने त्यांनी मला कधी हाक मारली नव्हती. ‘बदली रद्द करून घेता येते ना?’

‘सॉरी, बाबा,’ मी म्हणाले. ‘दिवसरात्रीची बाई ठेवून देते.’

मला दुखलं. खूप दुखलं. तरी मी आत जाऊन बॅग भरायला घेतली.