सुई न टोचता आलेला निरोप

देगलूरची ती केस आजही माझ्या मनातून जात नाही. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती आणि एक शेतकरी नवरा-बायको ठाण्यात आले. त्यांच्या गावात रक्तातल्या जनुकांवरून आतड्याचा कॅन्सर लवकर ओळखण्याचं शिबिर झालं होतं. सुई पाहूनच नवऱ्याला भोवळ आली, म्हणून त्याचं रक्त घेतलंच नव्हतं. तरी मोबाइलवर निरोप आला, कॅन्सर नाही. तो हे हसत सांगत होता. बायको हसत नव्हती. तिला बरेच दिवस शौचातून रक्त जात होतं आणि तोच निरोप तिलाही आला होता.

"ह्यांचं खोटं हाय, तर माझं खरं कशावरून, साहेब?" ती म्हणाली.

तिचा जबाब नोंदवला आणि शिबिर घेणाऱ्याला चौकशीला बोलावलं. माणूस शिकलेला, कपडे इस्त्रीचे, आवाज मऊ. नावांची अदलाबदल झाली असेल, म्हणाला. मग गाठीतून रक्तात उतरणारे जनुकांचे तुकडे कसे शोधतात, ते मला समजावू लागला. मी नांदेडच्या एका डॉक्टरांना फोन लावला. अशा तपासण्या खरंच आहेत, पण सुरुवातीची गाठ त्यांतून निसटू शकते, आणि रक्त जात असेल तर दुर्बिणीची तपासणी टाळूच नये, असं ते म्हणाले. म्हणजे या माणसाची माहिती बरोबर होती. माझा संशय उलट वाढला. सराईत लबाड बहुतेक वेळ खरंच बोलत असतात.

दमदाटी केली नाही. चहा मागवला, घरच्यांची विचारपूस केली. वडिलांनाही मध्यंतरी शौचातून रक्त जात होतं, हे त्याच्या तोंडून सहज निघून गेलं.

"मग त्यांचं रक्त तपासलं असेल तुम्ही," मी म्हणालो.

तो कपाकडे बघत राहिला. "त्यांना लातूरला नेऊन दुर्बिणीनं तपासलं."

"का?"

त्यानं कप बाजूला सारला. मग सगळंच सांगितलं. लोकांकडून फी घेतली होती, पण एकही नमुना प्रयोगशाळेत गेला नव्हता. कंधारजवळच्या ओढ्यात फेकलेल्या नळ्या आम्ही पंचांसमक्ष जप्त केल्या. गुन्हा दाखल झाला. मला मात्र घाई दुसरीच होती. शिबिर झालेल्या प्रत्येक गावी शिपाई धाडून सांगितलं, त्या निरोपावर विसंबू नका, त्रास असेल तर दवाखाना गाठा.

त्या बाईला नांदेडला नेलं. आतड्यात गाठ निघाली, कॅन्सरचीच, पण पसरलेली नव्हती. ऑपरेशननंतर मी भेटायला गेलो आणि बापाच्या तपासणीवरून तो माणूस कसा कबूल झाला, ते दोघांना सांगितलं. नवरा उशाशी बसला होता. तिनं हळूच विचारलं, "त्या माणसाच्या बापाचं काय निघालं, साहेब?"

"साधी मूळव्याध होती."

"बरं झालं," ती म्हणाली.

नोकरीनं मला माणसांवर संशय घ्यायला शिकवलं. त्या बाईचा संशय माझ्याइतकाच पक्का होता, पण काम झाल्यावर तिनं तो खाली ठेवला. मला ते निवृत्त होऊनही अजून जमलेलं नाही.