ट्रॅक्टरच्या बॅटरीवर समाप्ती

परवा नातीनं मला तिच्या कॉम्प्युटरवर एक खेळ दाखवला. मोठी कंपनी नाही की काही नाही, दोघा-तिघांनी घरी बसून केलाय म्हणे. शेतीचा खेळ. बी टाकायचं, झारीनं पाणी घालायचं, झोपून उठलं की उगवलेलं. पाऊस सांगितल्या दिवशी येतो, रानडुक्कर येत नाही, शेजारी बांध कोरत नाही. मी म्हटलं, बाई, याला खेळ म्हणतात तेच बरोबर आहे.

"आजी, तुला काय कळतंय यातलं?" नात म्हणाली.

कळतं. तिची आई शाळेत जात होती तेव्हापासून कळतं.

आम्ही तेव्हा पालमला होतो. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद शेवटाला आला होता, ते दिवस. कधी बंद, कधी मोर्चा, एसटी निघाली तर निघाली. धाकट्या दिरांनी हैदराबादहून एक मशीन आणलं. टीव्हीला जोडायचं, हातात धरायला बटणांचे दोन रिमोट, आणि वरून खोचायची कॅसेट. कॅसेटवर छापलं होतं, आत नऊ लाख नव्याण्णव हजार खेळ. आमच्या ह्यांचं कापडाचं दुकान. येईल त्या गिऱ्हाइकाला हे तो आकडा सांगायचे. मी एका दुपारी बसून तपासलं. खेळ सातच निघाले. तेच सात दुसऱ्या नावानं, मग परत तेच सात, फार तर दिवसाची रात्र केलेली. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "छापलंय ते काय खोटं असतंय?" निवडणुकीतली पत्रकंही हे असंच विश्वासानं वाचायचे.

सातातले चार तर नुसतेच कचरा. उरले तीन.

एक विटांचा. वरून वाकड्यातिकड्या विटा पडायच्या, खाली फट न ठेवता बसवायच्या. आमच्या ह्यांना तो कधी जमला नाही, कारण ह्यांनी जन्मात कडब्याची गंजी रचली नव्हती. पेंढी कुठल्या अंगानं फिरवायची हे मी लग्नाआधीच शिकले होते. वीट अर्ध्या वाटेवर असतानाच माझा अंगठा फिरलेला असायचा. हे म्हणायचे, तुझं नशीब चांगलं, तुला सरळ विटा येतात.

दुसरा रणगाड्यांचा. मधोमध आपला झेंडा, तो राखायचा. दोघांनी मिळून खेळायचा. माझी जोडीदारीण म्हणजे पलीकडच्या बौद्धवाड्यातल्या मास्तरीणबाई. माझ्या लेकीला त्यांनीच शिकवलं. त्या खेळताना एक शब्द बोलायच्या नाहीत, नुसत्या शत्रू टिपायच्या. एकदा ह्यांनी त्यांच्या जागी बसून पाहिलं. पहिल्या फटक्यात आपलाच झेंडा उडवला. वर म्हणतात, झेंडा चुकीच्या जागी लावलाय. मास्तरीणबाई एवढंच म्हणाल्या, "भाऊ, सगळेच असं म्हणतात."

आणि तिसरा, पळणाऱ्याचा. एक गडी उजव्या अंगाला पळत सुटलेला. खड्डे, काटे, अंगावर येणारी जनावरं, सगळ्यावरून उड्या मारत तो जायचा आणि शेवटच्या किल्ल्यात एका बंद दारापाशी पोचायचा. म्हणजे पोचायला हवा होता. त्या दाराआड कोण आहे, हे पालममध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

या खेळात गुंतल्या आमच्या सासूबाई. त्यांना खेळता येत नव्हतं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पडदा त्यांना पावसाळी काचेतून दिसावा तसा दिसायचा. पण त्या माझ्या मागं पाटावर बसायच्या आणि विचारायच्या, "कुठं पोचला गं?"

"तिसऱ्या किल्ल्यात."

"एवढा कशापाय पळायलाय? आत आई आसंल त्याची."

मी म्हणायची बायको असेल. मास्तरीणबाई म्हणायच्या, काही सांगता येत नाही. आमचा त्यावर रोज वाद.

आता या खेळात एक खोड होती. आजकालसारखं अर्ध्यावर ठेवून उद्या पुढं जायची सोय नव्हती. लाइट गेली की गडी पुन्हा पहिल्या पावलावर. आणि पालमची लाइट तुम्हाला सांगायला नको. सासूबाईंना मात्र ही रीत नवी वाटलीच नाही. आमच्याकडं श्रावणात पोथी लागायची. एकदा सुरू केली की समाप्ती करूनच उठायचं, प्रसाद वाटायचा, आणि मध्येच मोडली तर पुन्हा पहिल्या अध्यायापासून. त्यांनी तोच नेम इथं लावला. टीव्हीपुढं समई लावली, वाटीभर साखर ठेवली. लाइट गेली की साखर मुंग्यांना, दुसऱ्या दिवशी नवी वाटी. कोपऱ्यापर्यंत मुंग्यांची रांग गेली होती. आमच्या खेळाचा फायदा नीट कुणाला झाला असेल, तर त्यांना.

मास्तरीणबाई समईकडं बघून हसायच्या. "मावशी, मी दिव्याला नाही मानत. वहिनीच्या अंगठ्याला मानते."

"अंगठ्याला बी मान, दिवा बी राहू दे," सासूबाई म्हणायच्या. "दोन्हीकडून बांधलेलं बरं."

तेवढ्यात परभणीच्या दवाखान्यातून त्यांच्या ऑपरेशनची तारीख आली. डॉक्टरनं आधीच बजावलेलं, नंतर टीव्हीपुढं बसायचं नाही. सासूबाई मला म्हणाल्या, "सूनबाई, डोळा येतो का जातो, कुणाला ठाव. जायच्या आधी मला त्या दारातलं बघायचंय. पोथी मोडून मी टेबलावर झोपणार न्हाई." चेष्टेत नाही, अगदी शांतपणे म्हणाल्या. रात्रंदिवस भाकरी थापणारी ही बाई, सिनेमा पाहायचा नाही, जत्रेत रमायचं नाही. तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं.

मग दिरांनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली. आमचा छोटा काळा-पांढरा टीव्ही बॅटरीवर चालायचा, मशीनचीही वायर त्यांनी जोडून दिली. शेत नांगरायचं ते थांबलं, पण गडी पळायला लागला. निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच मी बसले. किल्ले मागं पडत गेले. शेवटचा किल्ला आला. सासूबाई पाटावरून सरकत सरकत पडद्याला नाक लावायच्या बेतात.

आणि आमचे हे आले, दुकानातले दोन मित्र घेऊन.

"उठा, उठा. मॅच लागलीय."

"थोडं थांबा," मी म्हटलं. "शेवट आलाय."

"त्या खेळाला काय हाय, पोरकटपणा," म्हणाले आणि मशीनची वायर उपसली.

मग ते तिघं दुपारभर बसले. अकरा माणसं मैदानात खेळत होती आणि हे इथं लोडाला टेकून त्यांना ओरडत होते, अरे पळ, अरे पळ. ते पोरकट नव्हतं. मी चहा ठेवला.

सासूबाईंनी साखरेची वाटी उचलली. लेकाकडं बघितलंही नाही. "माझी पोथी मोडलीस तू," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

परभणीहून त्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून परत आल्या. दुसऱ्या डोळ्याला तर आधीच उजेड-अंधारापलीकडं काही कळत नव्हतं. लेकाशी बोलायच्या, पण कामापुरतं. पाणी दे. दार लाव. आमचे हे दुकानात भाषण ठोकणारे गृहस्थ. घरात आईची चप्पल सरळ करून ठेवायला लागले.

पट्टी अजून सुटली नव्हती, तेव्हाच संक्रांतीला मास्तरीणबाई आल्या. हातात पेढ्यांचा पुडा. विद्यापीठाचं नाव बदललं होतं. आमचे हे या विषयावर दुकानात काय काय बोलायचे ते मला ठाऊक होतं. ते ओट्यावर उभे राहिले, नुसतेच. सासूबाईंनी आवाजावरून ओळखलं. "बाई आली का? ये. तोंड गोड कर म्हणायचा सण, आन तूच गोड घिऊन आलीस." त्यांनी पेढा चाचपून तोंडात टाकला. मग ह्यांनीही घेतला. नंतर आणखी एक घेतला. मतं दुकानातच राहिली असावीत.

"मावशी, डोळा कसा आहे?"

"डोळ्याचं ऱ्हाऊ दे. पोथी तशीच पडलीय." आणि मग मला म्हणाल्या, "सूनबाई, दिसत न्हाई तर काय झालं. पोथी तरी कुठं बघायची असती. ऐकायचीच असती."

ह्यांनी उठून बॅटरी आणली. स्वतः शेजारी बसले, बॅटरीच्या दोन्ही चिमट्यांवर हात ठेवून, जणू कुणी चोरून नेणार आहे. मी रिमोट घेतला. मास्तरीणबाई शेजारी बसून जे दिसेल ते सांगू लागल्या. फार सांगायची गरज नव्हती. सासूबाईंना प्रत्येक उडीचा आवाज पाठ झाला होता. "खड्डा आला," त्याच आधी म्हणायच्या. "आता जनावर. उडी मार." मी मारायची.

शेवटचा किल्ला आला. बंद दार. मी बटण दाबलं. एक बारीकशी धून वाजली, नवीनच, आधी कधी न ऐकलेली. सासूबाई ताठ बसल्या.

"उघडलं?"

"उघडलं, मावशी."

"आत कोण हाय?"

मास्तरीणबाई पडद्याजवळ गेल्या. "कोणी नाही. खोली आहे. एक खुर्ची आहे फक्त."

"खुर्ची?" हे म्हणाले. "एवढं सगळं खुर्चीसाठी?"

यावर मास्तरीणबाईंनी ह्यांच्याकडं पाहिलं, आणि मी ह्यांच्या खादीच्या टोपीकडं पाहिलं.

खाली इंग्रजीत ओळ होती. बाईंनी वाचून अर्थ सांगितला. शाबास, प्रवास संपला, पुन्हा सुरू करायला बटण दाबा.

मला वाटलं, सासूबाईंना वाईट वाटलं असेल. आई नाही, बायको नाही.

"रिकामी हाय ना खुर्ची?"

"रिकामी आहे."

"मग बसू दे त्याला. लय पळाला." मग माझ्याकडं तोंड वळवून म्हणाल्या, "बटण दाबू नको गं."

मी रिमोट खाली ठेवला. ह्यांचा हात सवयीनं चिमट्याकडं गेला, बॅटरी वाया जाईल म्हणून.

"हात लावू नको," सासूबाई म्हणाल्या. "आन पेढे वाट सगळ्यास्नी. समाप्ती झाली." लेकाशी इतकं लांब वाक्य त्या परभणीहून आल्यावर पहिल्यांदाच बोलल्या. हे पुडा घेऊन उठले आणि घरोघर जाऊन वाटून आले. कशाचे पेढे, असं लोकांनी विचारलं तेव्हा काय सांगितलं, ते आम्हाला अजून सांगितलेलं नाही.

"बसला का त्यो?" सासूबाईंनी पुन्हा विचारलं.

"खुर्चीजवळ उभा आहे अजून," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"लाजला आसंल. आपण समदे बघायलोत न्हवं."

तेही खरंच होतं. मी उठले आणि टीव्हीवर फडकं टाकलं.