‘धाडसी’ काकू

माझी कंपनी मोबाइल ॲपवरून गुंतवणुकीचा सल्ला देते आणि पैसे गुंतवूनही देते. ऑफिस ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये. त्या आठवड्यात बाजार रोज आपटत होता आणि मी पार टरकले होते.

त्यातच डोंबिवलीहून आईचा फोन आला. “शेजारच्या काकू धड जेवत नाहीयेत गं. गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे तुझ्या ॲपमध्ये आहेत ना त्यांचे.”

ऑपरेशनचे? मी काकूंचं खातं उघडलं आणि हातपायच गार पडले. सगळे पैसे शेअर बाजारात! आमचं ॲप आधी प्रश्न विचारतं आणि उत्तरांवरून माणसाला किती जोखीम झेपेल ते ठरवतं. काकूंनी उत्तर दिलं होतं, बाजार पडला तर आणखी पैसे घालीन. आणि हे पैसे इतक्यात लागणार नाहीत, म्हणे!

“आई, असं कसं लिहिलं त्यांनी?”

“मी शेजारी बसून सांगितलं ना! आपलं ॲप, म्हणून बिल्डिंगमध्ये सगळ्यांना बरोबर उत्तरं सांगितली. सगळ्यांना शेवटी ‘धाडसी’ आलं!”

अगं आई गं! समोर चार पर्याय दिसले की आमच्या डोंबिवलीकरांना ती परीक्षाच वाटते.

संध्याकाळी काकूंच्या दारात उभी राहिले, पण बेल वाजवायला हात धजेना. आई नोकरीला जायची तेव्हा शाळेतून आल्यावर याच दारात मला तूप-साखर-पोळी मिळायची. आता शिव्या मिळाल्या असत्या तरी मी खाल्ल्या असत्या.

शेवटी वाजवलीच. काकू भिंतीला धरून दार उघडायला आल्या. “माझं काही चुकलं का गं?”

“काकू, ‘भीती वाटेल, पैसे काढून घेईन’ असाही पर्याय होता तिथे.”

“होता की. मला तोच खरा वाटलेला. पण घाबरटांना कोण मार्क देतं?”

मला हसू आलं नाही. त्याच सकाळी ऑफिसात सगळ्यांसमोर मीही ‘काळजीचं कारण नाही’ म्हणून आले होते.

बरेच पैसे गेलेत, ऑपरेशन कदाचित पुढे ढकलावं लागेल, हे मी त्यांना सांगितलं. मग म्हटलं, “ती उत्तरं पुन्हा भरू या. या वेळी खरं खरं.”

भीतीचा प्रश्न आला तशा काकू थांबल्या. “आधी तू सांग. तुला वाटतेय भीती?”

“खूप वाटतेय, काकू.”

“मग माझंही तेच लिही,” त्या म्हणाल्या, आणि माझा गार हात आपल्या सुजलेल्या गुडघ्यावर धरून बसल्या.